बार्सिलोनात दोन दिवस: आधी उजेड, मग जेवणाची वेळ

प्रश्न : आम्ही दोघं शुक्रवारी रात्री बार्सिलोनाला पोहोचून रविवारी रात्री निघणार आहोत. सग्रादा फमिलिया, पार्क ग्वेल, कासा बात्यो, कासा मिला आणि पिकासो संग्रहालय अशी यादी आहे. क्रम कसा लावावा?

उत्तर : पाचही ठिकाणी पाय लागतील, पाहणं मात्र होणार नाही. पार्क चढावर आणि शहराच्या एका टोकाला आहे, त्यात अर्धा दिवस जातो. पार्क आणि संग्रहालय या खेपेला सोडा.

शनिवारी सकाळी बोर्न भागातलं सांता मारिया देल मार हे चर्च पाहा. 1329 साली काम सुरू झालं आणि जेमतेम पंचावन्न वर्षांत उरकलं, म्हणून सगळी इमारत एकाच शैलीत आहे. आतले अष्टकोनी खांब इतके दूर दूर आहेत की तिन्ही दालनं मिळून एकच मोठी जागा वाटते. मुख्य दरवाजावर पाठीवरून दगड वाहणाऱ्या हमालांच्या छोट्या आकृती आहेत. त्या चुकवू नका.

सग्रादा फमिलिया या वास्तुकार गाउदीच्या चर्चचं तिकीट दुपारी 4 च्या सुमाराचं घ्या. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या नारिंगी-लाल आहेत. दुपार कलली की पश्चिमेचा उजेड थेट खांबांवर येतो. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही, तेव्हा आधीच ऑनलाइन काढा. बॅगांची तपासणी होते, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोहोचा.

आत गेल्यावर छताकडे बघण्याआधी एका खांबाजवळ थांबा. तळाशी तो चांदणीसारखा कोनदार आहे. नजर वर नेत गेलात की कोन वाढत जातात आणि शेवटी खांब गोल होतो. गाउदीने तोच आकार एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पिळला आणि दोन्ही पिळांत सामाईक राहणारा भाग तेवढा ठेवला. वर खांबांना फांद्या फुटतात. या तिरक्या फांद्यांतून छताचा भार थेट जमिनीत उतरतो, त्यामुळे बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी लागल्या नाहीत. दगडही भारानुसार निवडलेला आहे: सर्वांत जास्त ओझं पेलणारे मधले चार खांब तांबड्या पोर्फिरी या कठीण दगडाचे, नंतर बेसाल्ट, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म. मनोऱ्याचं वेगळं तिकीट घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा की वर लिफ्टने नेतात, पण खाली अरुंद गोल जिन्याने उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर ते टाळाच.

रविवारी उघडताक्षणी कासा मिला ही गाउदीचीच इमारत. गच्चीकडे धावण्याआधी पोटमाळ्यावर रेंगाळा. तिथे विटांच्या 270 कमानी आहेत, प्रत्येकीचा आकार लोंबती साखळी उलटी केल्यासारखा. अशा कमानीत विटांवर फक्त दाब येतो, ताण येत नाही, म्हणून पातळ विटांतही ती उभी राहते. कासा बात्यो ही त्याचीच दुसरी इमारत रस्त्यावरूनच सावकाश पाहा. पासेच द ग्रासिया या रस्त्याच्या फुटपाथवरच्या षटकोनी फरश्याही गाउदीच्याच नक्षीच्या. सात फरश्या जुळल्या की समुद्री जीवांचं चित्र पूर्ण होतं.

प्रश्न : आमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे, अंडं चालतं. काय मागवावं? आणि तो भाताचा पाएया कुठे चांगला मिळेल?

उत्तर : आधी वेळा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळेत बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. सहा वाजता गरम पाएया देणारं हॉटेल बहुतेक फक्त पर्यटकांसाठी चालवलेलं असतं. दाराशी फोटोंचा फलक असेल तर पुढे चला. पाएया मूळचा वालेन्सियाचा आणि दुपारचा पदार्थ. ताजा असेल तर निदान वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं आणि सहसा दोघांसाठीच करतात. भाज्यांचा मागवलात तरी भात कशाच्या रश्श्यात शिजवला ते विचारा, तो माशांचा असू शकतो.

शाकाहारी माणसाची फसगत इथेच होते. ‘वेजेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा ट्यूना मासा असतो, साध्या मिश्र सॅलडमध्येही. क्रोकेतास या तळलेल्या वड्यांमध्ये हॅम, पालक-बेदाणे-चिलगोजे या भाजीत कधी कधी तेच. ‘सीन हामोन, सीन आतून’ म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, एवढं आधीच सांगा. निर्धास्त खायला तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, आणि पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या. वांगी-सिमला मिरची भाजून केलेली एस्कालिवादा उत्तम, फक्त वर अँचोवी मासा घालू नका म्हणावं.

टोमॅटो लावलेला पाव, म्हणजे पा अम तुमाकेत, प्रत्येक जेवणात घ्या. काही ठिकाणी पाव, टोमॅटो, लसूण वेगळं आणून देतात. खरपूस भाजलेल्या पावावर आधी लसूण एकदाच फिरवा. टोमॅटो आडवा कापून कापलेली बाजू दाबून घासा, साल हातात उरली पाहिजे. मग मीठ आणि शेवटी ऑलिव्ह तेल. तेल आधी घातलं तर टोमॅटो पावात मुरत नाही, वरून घसरतो. पाव गार झाल्यावर घासलात तर तो ओला होतो.

प्रश्न : मेट्रोचा दहा फेऱ्यांचा पास दोघांत चालेल का?

उत्तर : नाही. टी-कॅज्युअल हा पास एकाच व्यक्तीचा असतो आणि विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही. टर्मिनल 2 वरून सुटणाऱ्या लोकल गाडीत मात्र चालतो. मेट्रोनेच जायचं असेल तर प्रत्येकी 48 तासांचं ‘ओला बार्सिलोना’ कार्ड घ्या, त्यात विमानतळही येतो.