तो डबा कुणी खाल्ला?

नाशिकचे तिघे मित्र, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष: सर, आम्ही मिळून एक आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यात खेळणारा स्वतः एक पात्र होऊन गोष्ट खेळतो) बनवतोय. राज्याचा आठशे वर्षांचा इतिहास, सात राजघराणी, दोन पंथ, एक शाप असं साठ पानी लिखाण तयार आहे, सोबत जोडलंय. पण ज्या मित्रांना गेम खेळायला दिला ते सगळे डायलॉग स्किप करून थेट मारामारीला जातात. आमची स्टोरी वाईट आहे का? आरपीजीत चांगली स्टोरी म्हणजे नेमकं काय असतं?

साठ पानं वाचायला घेतली आणि बाविसाव्या पानावर मला झोप लागली. राग मानू नका, दुसऱ्या दिवशी उरलेली वाचली. पण तुमच्या मित्रांना दोष देण्यात अर्थ नाही.

मी १९९९ पासून नऊ वर्षं डोंबिवलीत सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, तासाला तीस रुपये, आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही. पोरं काय वाटेल ते विसरायची. आईने सांगितलेला निरोप, दुसऱ्या दिवशीची परीक्षा, चप्पल. उधारी तर हमखास. वही मात्र विसरायची नाही. ‘काका, मी कधी?’ असं डोळे मोठे करून विचारणाऱ्याला मी पान उघडून दाखवायचो आणि त्याचा चेहरा पडायचा. चांगल्या आरपीजीच्या आत कुठेतरी अशी वही असते, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलंय. कादंबरीत पाप नायकाने केलेलं असतं, इथे ते आपण केलेलं असतं, आणि मग कुणीतरी वही उघडतं.

‘क्रोनो ट्रिगर’ नावाचा एक जपानी गेम आहे, १९९५ चा, स्क्वेअर कंपनीचा. पात्रांची चित्रं अकिरा तोरियामा या जपानी चित्रकथाकाराची. सुरुवातीला राज्याला हजार वर्षं झाली म्हणून मोठी जत्रा भरलेली असते. तुम्ही एका मुलीला धडकता, दोघंही पडता, तिचं लॉकेट लांब उडतं. आधी लॉकेट उचलायचं की आधी तिची विचारपूस करायची? एके ठिकाणी कुणाचा तरी डबा ठेवलेला दिसतो. बटण दाबलं की तो तुम्ही खाता, तब्येत सुधारते. एका लहान मुलीचं मांजर हरवलेलं असतं, ते आणून द्यायचं की नाही तुमची मर्जी. कुणी काही बोलत नाही. पुढे तुम्ही चारशे वर्षं मागच्या काळात जाता, तिथे लढता, परत येता, जत्रा विसरून गेलेले असता. आणि मग तुमच्यावर खटला भरतो. ती मुलगी राजकन्या निघालेली असते, तिला पळवल्याचा आरोप तुमच्यावर असतो, आणि प्रधान एकेक साक्षीदार उभा करतो. हा म्हातारा बघा, याचा डबा आरोपीने खाल्ला.

मी खाल्ला होता. रात्री दीड वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना, मी कॉम्प्युटरसमोर एकटा बसून ओशाळलो. असा ओशाळलो की उठून पाणी प्यायलो.

आता यातली गंमत बघा. ज्यूरीने निर्दोष ठरवलं तरी तुमचा तुरुंग चुकत नाही. पुढची कथा जवळपास जशीच्या तशी घडते. म्हणजे ‘तुमच्या प्रत्येक निर्णयाने जग बदलेल’ अशी जी जाहिरात हल्ली प्रत्येक गेमच्या डब्यावर असते, ती इथे नाहीच. इथे फक्त कुणीतरी बघत होतं. तेवढं पुरतं. दहा वेगवेगळे शेवट लिहायला तुम्हा तिघांकडे ना वेळ आहे ना पैसे, पण एका डब्याची आठवण ठेवायला किती कोड लागतं?

इतिहास लिहूच नका असं मी म्हणत नाही. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये (ब्लॅक आइल, १९९९) वाचायला इतकं आहे की ते कुणी छापलं तर कपाटाचा एक खण भरेल. माझ्या कॅफेत चार नंबरच्या मशीनवर अकरावीतला एक मुलगा रोज शाळेची डिक्शनरी मांडीवर घेऊन हा गेम खेळायचा. त्यात नायक शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही आणि मरण नाही. मेला की पुन्हा उठतो, बहुतेक वेळा मागचं सगळं विसरून. त्याच्यासोबत डॅकन नावाचा एक तलवारबाज चालत असतो, मोजकं बोलणारा. पुष्कळ खोदून विचारल्यावर कळतं की पूर्वीच्या एका जन्मात नायकाने त्याचा जीव वाचवला होता, आणि त्या बदल्यात डॅकनने शब्द दिला होता की तू मरेपर्यंत मी तुझी सेवा करीन. नायक मरतच नाही. म्हणजे डॅकन कायमचा गुलाम झाला. आणि नायकाच्या त्या जन्माने हे सगळं आधीच हिशोब करून घडवून आणलं होतं.

तो मुलगा गल्ल्याशी आला आणि म्हणाला, “काका, हे यानेच केलंय?” त्याचा आवाज असा होता की जणू घरातलं काहीतरी कळलंय. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. (वहीत मात्र लिहिले. सवय.)

त्या गेमच्या जगाला देवांचा, राक्षसांचा, पंथांचा ढीगभर इतिहास आहे. तो मुलगा तो वाचत होता, कारण प्रत्येक पानावर त्याला स्वतःच्याच बोटांचे ठसे सापडत होते. तुमच्या साठ पानांत खेळणाऱ्याचं काहीच नाही. सगळं तो जन्मायच्या आधी होऊन गेलंय.

आणखी एक. तुमच्या गेममध्ये एखादी गोष्ट जमेल का हे फाशावर ठरतं, आणि फासा हरला की ‘प्रयत्न फसला, पुन्हा करा’ अशी पाटी येते. अपयशाला एवढंच उत्तर असेल तर प्रत्येक जण जिंकेपर्यंत सेव्ह (खेळाचा जपून ठेवलेला मागचा टप्पा) उघडत बसणार. ‘डिस्को इलिझियम’ (२०१९, एस्टोनियातल्या मंडळींनी केलेला) बघा. दारूच्या अमलात स्वतःचं नावही विसरलेला पोलीस, आणि त्याच्या डोक्यात त्याची चोवीस कौशल्यं एकमेकांशी भांडतायत. पहिल्या पाच मिनिटांत फिरत्या पंख्याला अडकलेला टाय काढताना तुम्ही हार्ट अटॅकने मरू शकता. मी मेलो. आणि पुढे एके ठिकाणी माइक हातात घेऊन गायचं असतं, तिथे फासा उलटा पडला तर तो पोलीस इतकं भयंकर गातो की जिंकलेल्या माणसाला माझा हेवा वाटावा. हरण्यातही काहीतरी हाती लागलं पाहिजे.

आता तुमच्यासाठी काम. शाप बाजूला ठेवा. सातपैकी सहा राजघराणी पण बाजूला ठेवा. एकोणचाळिसाव्या पानावर तुम्ही जाता जाता एक नावाडी लिहिलाय, जो राजघराण्यातल्या कुणालाही फुकट पलीकडे नेत नाही. पूर्ण लिखाणात मला तो एकटाच माणूस भेटला. गेम त्याच्यापासून सुरू करा. खेळणाऱ्याच्या खिशात दमडी नसताना त्याने त्याला उधारीवर पलीकडे न्यावं. मग चार तास त्याचं नाव काढू नका. नंतर पूर आलेल्या नदीवर तोच नावाडी परत भेटू दे. पैसे दिले होते का नाही, हे तुमच्या मित्रांना आठवतंय का ते बघा, आणि मला कळवा.

एक वडील, सांगली: मुलगा चौदा वर्षांचा आहे. ‘विचर ३’ खेळतो आणि म्हणतो की हे कादंबरी वाचण्यासारखंच आहे. तो मला बनवतोय का?

बनवत नाहीये, पण तुम्ही परवानगी देऊ नका. त्या गेमवर युरोपात अठरा वर्षांची अट छापलेली आहे आणि ती उगाच नाही.

मुलगा म्हणतो त्यात मात्र तथ्य आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा २०१५ चा गेम. त्यात एक जहागीरदार आहे, सगळे त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. बायको आणि मुलगी घरातून गेल्यात, त्यांना शोधून द्या म्हणतो. सुरुवातीला दया येते. मग कळतं की हा दारू पिऊन बायकोला मारायचा. मग आणखी कळतं, आणि दया, संताप, पुन्हा दया असा आपला झोका होतो. लेखकांनी त्याला सोडलेलंही नाही आणि राक्षसही केलेलं नाही.

मधे एका झाडात अडकलेला आत्मा भेटतो. मला सोडव, मी अनाथ मुलांना वाचवतो, म्हणतो. मी सोडवलं. मुलं वाचली. मी खूश होऊन दुसरीकडे भटकलो, घोड्यांच्या शर्यती लावल्या, पत्ते खेळलो. बऱ्याच दिवसांनी बॅरनची गोष्ट पुढे नेली, तर बायकोचा जीव गेला आणि त्याने अंगणातल्या झाडाला गळफास घेतला. त्या झाडातल्या आत्म्याचा आणि या झाडाचा संबंध जोडायला मला एक रात्र लागली. मागचं सेव्ह उघडून उपयोग नव्हता, मधले पंधरा तास पुसले गेले असते. आत्म्याला मारलं असतं तर बायको वेडी होऊन का होईना जगली असती, मुलं गेली असती. बरोबर उत्तर नाहीये.

चौदा वर्षांच्या मुलाने हे एकट्याने खोली बंद करून बघावं असं मला वाटत नाही. त्याने आत्तापर्यंत किती खेळलाय ते न रागावता विचारा, आणि बॅरनपर्यंत पोचला असेल तर त्याच्याशी बोला. तो काय म्हणाला ते ऐकायला मलाही आवडेल.

नोकरदार, ठाणे: चांगल्या चांगल्या गेमचे शेवट फसतात ते का?

कारण हिशोब मिटवायचा म्हटलं की सगळ्या उधाऱ्या एकदम समोर येतात. ‘मास इफेक्ट’ या गेमच्या तीन भागांत लोकांनी शंभरेक तास माणसं जोडली, तोडली, गमावली, आणि २०१२ मध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यांच्यापुढे थोड्या रंगांच्या फरकाने सारखेच दिसणारे पर्याय आले. इतका आरडाओरडा झाला की कंपनीला त्याच वर्षी वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. माझ्या मते तोही पुरला नाही. पण तिसऱ्या भागातली मधली तीस तासांची मजा मी त्यासाठी टाकून देणार नाही.

बारावी, लातूर: डायलॉग स्किप केले तर चालतात का?

चालतात. पण मग ‘अंडरटेल’ खेळू नकोस. २०१५ मध्ये टोबी फॉक्सने बनवलेल्या त्या छोट्या गेममध्ये तू सुरुवातीच्या प्रेमळ बाईला मारलंस, पश्चात्ताप होऊन जुनं सेव्ह उघडलंस आणि या वेळी तिला सोडलंस, तर पुढे एक फूल भेटतं आणि तुला सांगतं की तू काय केलं होतंस ते मला माहिती आहे. सेव्ह उघडून मिटवलेलंही ते विसरत नाही. माझ्या वहीची ही पुढची आवृत्ती.

निवृत्त शिक्षिका, कुडाळ: नात सुट्टीत आली की चार मैत्रिणी जमवते आणि रात्रभर फासे टाकत ‘गोष्ट खेळते’. कागदावर गोष्ट लिहिलेली नाही, लेखक नाही. अशी गोष्ट चांगली कशी असेल?

बाई, हा प्रश्न कुडाळहून यावा याची मला गंमत वाटली. माझं आजोळ तुमच्याच बाजूचं. जत्रेत दशावतार बघत जागलेल्या रात्री आठवून बघा. संहिता कुठे होती? आख्यान ठरलेलं, सोंगं ठरलेली, पण संवाद उभ्या उभ्या. समोरचा राजा काय बोलेल हे राक्षसाला ऐकल्यावरच कळायचं, म्हणून तो कान देऊन ऐकायचा. लिहिलेल्या नाटकात नट आपल्या वाक्याची वाट बघतो, तिथे समोरच्याच्या वाक्याची वाट बघायचे.

तुमची नात खेळते तो बहुधा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ मध्ये काढला, पहिल्या फक्त हजार प्रती. नकाशावर सैन्य हलवायच्या खेळातून तो निघाला. तिथे एक सैनिक म्हणजे पूर्ण तुकडी असायची. यांनी ठरवलं, एक सैनिक म्हणजे एकच माणूस. एकच माणूस म्हटल्यावर त्याला नाव आलं, भीती आली, आणि लोक ‘तो’ सोडून ‘मी’ म्हणायला लागले. ‘मी दार उघडते.’ कॉम्प्युटरवरच्या आरपीजी याच घरातल्या.

एक जण डंजन मास्टर असतो, म्हणजे जग तो चालवतो. फासा वीस बाजूंचा. मी दर शनिवारी पाच जणांचं टेबल चालवतो आणि तयारी अर्ध्या पानाच्या वर करत नाही, कारण एकदा मी किल्ल्याचा पूर्ण नकाशा काढून बसलो होतो आणि आमच्या मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या चहावालीशी गप्पा मारत तीन तास घालवले. ती चहावाली मी त्याच क्षणी बनवली होती. नंतर वर्षभर तिच्या मुलाचं लग्न जमवण्यात गेलं. किल्ला अजून तसाच आहे.

नात पुढच्या सुट्टीत आली की त्यांच्यात बसा. नियमांचं पुस्तक वाचायला घेऊ नका, ते जाड आहे. मुलींना फक्त एवढंच विचारा की मागच्या वेळी तुम्ही कुठे थांबला होतात. दोन तास मोकळे ठेवा आणि चहा आधीच करून घ्या.