सातवी-आठवीच्या मुलांना अमेरिकेचे यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ कसा शिकवावा?

लढायांची जंत्री आवरती घ्यावी आणि वाचलेला वेळ १८६५ नंतरच्या बारा वर्षांना द्यावा, असे माझे मत आहे. युद्ध कशावरून पेटले, हे मिसिसिपी राज्याने संघातून फुटताना जानेवारी १८६१ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यातच आहे. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित असल्याचे त्यात उघड म्हटले आहे, तेव्हा तो उतारा मुलांनाच मोठ्याने वाचू द्यावा. खरी मेख पुढे आहे: तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्कही मिळाला, मग माणसे पुन्हा जखडली गेली कशी? इथे फळ्यावर हिशेब मांडावा. कापूस अर्धेलीने पिकवायचा, बियाणे आणि पीठमीठ उधारीवर उचलायचे, वही मालकाच्या हाती, आणि सुगीनंतर पदरात पडलेला वाटा बहुधा ती उधारी फेडण्यातच संपायचा. (सावकाराची वही मराठी मुलांना फारशी समजावून सांगावी लागत नाही.) १८७७ मध्ये दक्षिणेतून संघराज्याच्या सैन्याचे पाठबळ गेल्यावर मताधिकारही कसा निसटत गेला, हे लगेच घ्यावे. वर्ग मराठी असेल तर जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, ती अर्पणपत्रिका अवश्य दाखवावी.