घाटात काळा धूर आणि सकाळी निळसर धूर : टर्बो बदलण्याआधी काय तपासावे?

आपण विचारले आहे की, आपली टर्बो डिझेल कार सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटात काळा धूर सोडते, पिकअप पूर्वीसारखा राहिलेला नाही, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा निळसर धूर दिसतो आणि मेकॅनिकने 'टर्बो गेला' (म्हणजे इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा भाग निकामी झाला) असे सांगितले आहे. तर टर्बो बदलावा का? मी सोलापुरातच डिझेल गाड्यांची कामे करतो. या वर्णनावरून टर्बो बदलण्याचा निर्णय आत्ताच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काळा धूर आणि निळा धूर ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाच खर्चिक भागावर दोन्हींचे खापर फोडले, तर पैसे जातात आणि धूर तसाच राहतो.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. इंजिनला डिझेल मिळते आहे, पण त्याच्या प्रमाणात हवा मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. चढावर इंजिनवर सर्वांत जास्त भार येतो आणि त्याच वेळी टर्बोने दाबून पाठवलेली हवा सर्वांत जास्त लागते. म्हणून हवा कुठेही अडत किंवा गळत असेल, तर ते सपाट रस्त्यावर जाणवत नाही, घाटात मात्र लगेच उघडे पडते. जुन्या गाडीत अचानक जोरात रेस दिल्यावर क्षणभर काळी झुळूक येणे स्वाभाविक आहे, कारण टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. संपूर्ण चढभर धूर येत राहणे आणि सोबत पिकअप कमी असणे हे मात्र स्वाभाविक नाही.

सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. आपल्याकडची कोरडी हवा, काळ्या मातीची धूळ आणि रस्त्यांची सतत चालणारी कामे पाहता पुस्तिकेत दिलेल्या अंतराची वाट पाहणे योग्य नाही. कॉम्प्रेसरने फुंकलेला कागदी फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रे पडू शकतात आणि त्यातून गेलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आदळते. फिल्टर नवाच घालावा.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होस पाहावेत. चाळीस अंशांच्या पुढे जाणारा आपला उन्हाळा आणि इंजिनची उष्णता यांमुळे हे होस कडक होऊन क्लॅम्पजवळ किंवा वळणावर खालच्या बाजूने चिरतात. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते, म्हणून वरवर पाहून ती सापडत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना होसच्या खालून बोटे फिरवावीत. एखाद्या ठिकाणी धूळ बसून झालेला तेलकट काळा ओघळ लागला, तर तिथे होस दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. वाकवताच चीर उघडते. चढावर फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर हीच शक्यता सर्वांत मोठी. हा होस टर्बोच्या तुलनेत फारच स्वस्त असतो.

होस ठीक निघाला, तर ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनमध्ये सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला आहे का, ते पाहावे, कारण अशा वेळी ताज्या हवेच्या जागी जळालेला वायूच पुन्हा इंजिनमध्ये जात राहतो. सात रस्ता ते नवी पेठ असे रोजचे छोटे अंतर संथ गतीने कापणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. हवा मोजणारा सेन्सर, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची चिरलेली व्हॅक्यूम नळी आणि डिझेल फवारणारे, पण गळू लागलेले इंजेक्टर हेही याच रांगेत येतात. स्कॅनर लावून गाडी चालवताना अपेक्षित बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष बूस्ट यांतला फरक पाहिला, तर अंदाजाने भाग बदलत बसावे लागत नाही.

आता निळा धूर. तो इंजिन ऑइल जळल्याचा असतो आणि तो नेमका केव्हा येतो, यावरून कारण बरेच उलगडते. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर फक्त पहिला मिनिटभर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील (झडपांच्या दांड्यांभोवतीचे रबरी सील) कडक झाल्यामुळे ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरते, असा संशय घ्यावा. आपले वर्णन याच्याशी जुळते. भार दिल्यावर सतत येत असेल आणि इंजिन चालू असताना ऑइल भरण्याच्या झाकणातून जोराने वाफारा निघत असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची शक्यता वाढते. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस देताच निळा लोट निघाला, तर टर्बोकडे वळावे. तत्पूर्वी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे तर भरलेले नाही ना, हेही पाहावे.

टर्बोकडे वळल्यावरही घाई नको. त्यातील ऑइल केवळ उताराने खालच्या चेंबरमध्ये परतते. परतीची नळी काजळीने अरुंद झाली किंवा ब्रीदर (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबून इंजिनच्या आत दाब वाढला, तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर ढकलले जाते. असे असताना नवा टर्बो बसवला, तर काही दिवसांत तोही ऑइल टाकू लागतो आणि दोष दुकानदाराला दिला जातो. थंड इंजिनवर हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा चिमटीत धरून पाहावा: बाजूला किंचित हालचाल होणे सर्वसाधारणपणे ठीक असते, कारण तो दांडा ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो; मात्र पुढे-मागे हालचाल जाणवली, किंवा पाती कवचाला घासल्याची चकाकी दिसली, तर टर्बो खरोखर गेला. पाइपमध्ये ऑइलचा पातळ ओलावा असणे हा पुरावा नव्हे, कारण ब्रीदरची वाफ तिथेच सोडलेली असते.

पांढऱ्या धुराचा उल्लेख आपण केलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. थंडीतील सकाळची वाफ लगेच विरते. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर कच्च्या डिझेलचा असतो आणि इंजिन गरम झाल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर, सोबत घटणारे कूलंट, हे हेड गास्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची पट्टी) किंवा ईजीआर कूलर (परत जाणारा जळालेला वायू थंड करणारा भाग) यांच्याकडे बोट दाखवते. गरम इंजिनवर कूलंटचे झाकण कधीही उघडू नका.

एका गोष्टीबाबत मात्र विलंब करू नका. निळा धूर अचानक दाट झाला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढूनही इंजिनचा वेग वाढत गेला, तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल जाळून पळत असते आणि चावी काढूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गिअरची गाडी असेल, तर ती उभी करून, ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. ते जमले नाही, तर सर्वांना उतरवून दूर जावे.

तपासणीअंती टर्बो बदलावाच लागला, तर ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे घालणे, ऑइल नेणारी नळी बदलणे, परतीची नळी व ब्रीदर साफ करणे आणि इंटरकूलर काढून आतले साचलेले ऑइल पूर्ण निथळवणे, हे सगळे बिलात लिहून घ्या. इंटरकूलर तसाच ठेवला, तर नवा टर्बो बसवल्यावरही गाडी निळा धूर सोडत राहते. पुढे घाट चढून तुळजापुरात पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलवर चालू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोतील ऑइल जागीच जळून काजळी धरणार नाही.