जीपीए दोन दशांशापर्यंत, पोझिशनचा पत्ता नाही

नमस्कार. अमेरिकेतल्या एडिसनहून (न्यू जर्सी) पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी चारपैकी ३.८७, कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो (आपला पायाने खेळायचा नाही, तो हेल्मेटवाला), आणि दर रविवारी फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देतात तिथे, धान्याची खोकी भरायला जातो. तुमचा प्रश्न असा की एमकॅट (तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा) तोंडावर आलीय तर फुटबॉल सोडायला त्याला कसं पटवू, आणि ‘त्या समाजसेवेचं एखादं सर्टिफिकेट घेऊन ते प्रकरण मिटवता येईल का’.

पत्र तीनदा वाचलं. जीपीए दोन दशांशापर्यंत आहे, क्लासची फी डॉलरात आहे, साडूच्या मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली तेही आहे, पण तुमचा मुलगा कुठल्या पोझिशनला खेळतो ते कुठेच नाही. तीन सीझनमध्ये किती मॅच बघितल्या तेही नाही. मला काळजी वाटली ती याची, मार्कांची नाही. पोरगा पहाटे उठून जिम करतो, मग लेक्चर आणि लॅब, संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि एवढं करून घरी फोन लावला की पहिला प्रश्न ‘अभ्यास किती झाला?’, हे तुम्हीच लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत त्याचे फोन कमी झालेत अशी तक्रारही केलीय. कमी होणारच की हो.

एमकॅटचं म्हणाल तर सीझन नोव्हेंबरात संपतो, परीक्षा जानेवारीत आणि मग मार्च ते सप्टेंबर होतात. बसेल वेळ.

खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही सांगलीहून बारावीची मेरिट लिस्ट डोक्यात घेऊन गेलात आणि ती अजून उतरलेली नाही. अमेरिकेत मेडिकलला एक मार्क कमी म्हणून यादीतून बाहेर असा हिशोब नसतो. बहुतेक मेडिकल कॉलेजं ज्या कॉमन फॉर्मवर अर्ज घेतात त्यात अभ्यासाबाहेरच्या १५ गोष्टी लिहायला जागा असते आणि त्यातल्या ३ गोष्टींवर सविस्तर लिहायचं असतं. सर्टिफिकेट चिकटवायला तिथे जागाच नाही, काय केलं, किती तास केलं आणि कोणाला विचारता येईल हे द्यावं लागतं. मग इंटरव्ह्यूत त्यावरच खोदून विचारतात. तीन वर्षं खोकी उचलणारा मुलगा त्यावर अर्धा तास बोलेल, सर्टिफिकेटवाला दोन मिनिटांत गप्प.

‘स्कॉलरशिपपण मिळत नाही, मग खेळतो कशाला’ असंही लिहिलंय. तो खेळतो त्या डिव्हिजन थ्रीमध्ये (कॉलेजांच्या खेळातला तिसरा गट) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, नियमच तसा आहे. म्हणजे तो आवडतं म्हणून खेळतोय, एवढं साधं आहे.

मायरन रोल हे नाव शोधून बघा. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा सेफ्टी (बचावातली एक पोझिशन), मेडिकलची तयारी करणारा, नेटिव्ह अमेरिकन मुलांसाठी आरोग्याचा उपक्रम चालवणारा. २२ नोव्हेंबर २००८ ला त्याची ऑक्सफर्डला शिकायला मिळणाऱ्या रोड्स स्कॉलरशिपची मुलाखत अलाबामात आणि त्याच संध्याकाळी मॅच मेरीलँडमध्ये. स्कॉलरशिप मिळाली आणि विमानाने जाऊन मॅचपण खेळला. पुढे ऑक्सफर्ड, मग एनएफएल (तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग), आणि आता न्यूरोसर्जन आहे. पण कृपा करून ‘बघ तो रोल’ असं मुलाला ऐकवू नका, साडूची मुलगी पुरे झाली.

दोन गोष्टी मात्र त्याला नक्की विचारा. पेशंटच्या आसपास काम केलंय का, कारण फूड पँट्री कितीही चांगली असली तरी हॉस्पिटलचा अनुभव वेगळा लागतो, उन्हाळ्यात तो घ्यावाच. आणि डोक्याला मार लागलाय का कधी. फुटबॉलबद्दल खरी भीती बाळगायची तर ती याची. कन्कशन झालं असेल तर टीमच्या डॉक्टरशी बोला, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल. तोपर्यंत एक शनिवार गाडी काढा आणि मॅचला जा, जाड जॅकेट घेऊन, स्टँडमध्ये भयंकर थंडी वाजते.