आयडल सोलेनॉइड : आधी वायर बघा, मग स्क्रू फिरवा

जुन्या गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी कार्बोरेटरवरचा (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणाऱ्या यंत्रावरचा) एकच भाग सारखा दिसला. अंगठ्याएवढा, एका बाजूला वायर लावायची एकच पट्टी असलेला आयडल सोलेनॉइड, म्हणजे आयडलला (पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) इंजिनला पेट्रोल देणारी वाट उघडणारी-मिटणारी विजेची झडप. म्हणून आजची सगळी उत्तरं त्याच्यावरच.

माझी १९७१ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १६०० इंजिन, सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्बोरेटर. सिग्नलला थांबलं की बंद पडते, रेस दिली की मस्त चालते. दोनदा ट्यूनिंग करून झालं. – एक वाचक, मुंबई

तिसऱ्यांदा ट्यूनिंग करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं सोलेनॉइडकडे बोट दाखवतात.

पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटलची (इंजिनात जाणाऱ्या हवेची) झडप जवळजवळ मिटते आणि मुख्य वाटेने पेट्रोल येणं थांबतं. मग इंजिन जगतं ते आयडलच्या बारीक वाटेवर. सोलेनॉइडची सुई याच वाटेच्या तोंडाशी बसलेली असते. चावी ऑन केली, १२ व्होल्ट मिळाले, की आतली कॉइल सुईला मागे खेचते आणि वाट उघडते. करंट गेला की स्प्रिंग सुईला पुढे ढकलून वाट बंद करते. म्हणजे वायर तुटली तर फक्त आयडल मरतं, रेसवर गाडी चालतच राहते. नेमकं तुमच्यासारखं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, सोलेनॉइडची वायर काढा आणि परत टेकवा. टेकवताना 'टिक' असा स्वच्छ आवाज यायला हवा. नाही आला तर टेस्ट लॅम्पने वायरीत करंट येतोय का पाहा. चावी फार वेळ ऑन ठेवू नका, पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) मिटलेले असले तर स्पार्कसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तापते. लॅम्प पेटला तर सोलेनॉइड काढा, गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब नेऊन सुट्या बॅटरीवर लावून बघा. तिथेही सुई हलली नाही तर नवा घ्या. तिथे हलते, पण गाडीत हलत नाही, तर अर्थ, म्हणजे करंटची परतीची जोडणी, कच्चा आहे. आणि गाडीतही टिक येतेय, तरी आयडल नाही, तर मात्र बहुधा आयडलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, तुंबलाय. त्यात तार घालू नका, हवेने साफ करा. तारेने भोक मोठं झालं की तो जेट गेलाच म्हणून समजा.

एका मित्राच्या बीटलचं असंच झालं होतं. वायर वरून अगदी धडधाकट, पण लगच्या (वायरच्या टोकाच्या क्लिपच्या) गळ्याशी बोटाने वाकवली तर रबरच्या आत तांब्याच्या दोनच तारा शिल्लक. इंजिन थरथरलं की त्या सुटायच्या, सुई पुढे यायची, गाडी बंद. लग नवा दाबून बसवला आणि ट्यूनिंगच्या स्क्रूला हातही लावावा लागला नाही.

माझ्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या सोलेनॉइडची सुई मेकॅनिकने कापून टाकली. आयडलिंग सुधारलं, पण आता चावी काढल्यावरही इंजिन चार-पाच गचके खातं. – नागपूर

हे गचके येऊ नयेत म्हणूनच तो भाग तिथे असतो. चावी बंद केली की स्पार्क थांबतो, पण फिरणारं इंजिन आयडलच्या वाटेने पेट्रोल ओढत राहतं. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन किंवा प्लगचं टोक लालबुंद असेल तर ते पेट्रोल स्पार्कशिवायच पेटतं. सत्तरच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले, मिश्रण पातळ आणि आयडलिंग चढं ठेवावं लागलं, इंजिनं जास्त तापू लागली आणि ही तक्रार वाढली. सोलेनॉइड पेट्रोलच तोडतो, मग गरम कार्बनला पेटवायला काही उरत नाही.

रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय, तेव्हा सुई काढणं मला समजतं. कायमचा इलाज म्हणून ते चूक आहे. नवा सोलेनॉइड बसवा. सोबत आयडलिंग फार चढं नाही ना, स्पार्कचं टायमिंग बरोबर आहे ना आणि प्लग योग्य नंबरचे आहेत ना, हेही बघून घ्या. सोलेनॉइड गचके थांबवतो, पण इंजिन का तापतंय याचं उत्तर तो देत नाही.

नवा कार्बोरेटर बसवला, सोलेनॉइडची वायर कुठून घेऊ? – पुणे

चावी ऑन असताना आणि स्टार्टर फिरत असतानाही जिथे करंट असतो तिथून. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. रेडिओच्या लाइनवरून वायर घेतली तर काही गाड्यांत स्टार्ट मारताना ती लाइन बंद होते. आयडलची वाट मिटलेली राहते आणि गाडी सुरू व्हायला छळते. थेट बॅटरीवरून तर कधीच नको. वाट कायम उघडी राहील आणि बॅटरी रात्रभर उतरेल.

बीटलमध्ये ही वायर इग्निशन कॉइलच्या १५ नंबरच्या टोकावर येते, ऑटोचोकचीही (थंड इंजिनसाठी मिश्रण आपोआप घट्ट करणाऱ्या भागाचीही) तिथेच. १ नंबरवर लावू नका, ते टोक पॉइंटकडे जातं. तुमच्या गाडीत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असेल तर वायर त्याच्या आधीच्या बाजूने घ्या. त्याच्या पुढे व्होल्टेज कमी मिळतं आणि सुई अर्धवट ओढली जाते. मग आयडल कधी आहे, कधी नाही. वाटेत छोटा फ्यूज टाका. वायर एक्झॉस्टपासून लांब न्या.

परतीची वायर नसते, अर्थ कार्बोरेटरच्या अंगातूनच मिळतो. म्हणून सोलेनॉइडच्या चुडीवर (आट्यांवर) टेप गुंडाळू नका. शंका असेल तर कार्बोरेटरच्या बोल्टपासून इंजिनपर्यंत एक अर्थ वायर जोडा. गाडी अजून ६ व्होल्टवर असेल तर सोलेनॉइडही ६ व्होल्टचाच हवा, १२ चा उचलणार नाही.

माझ्या सत्तरच्या दशकातल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये असाच व्हॉल्व्ह आहे, पण चावी ऑन केल्यावर त्यात करंटच येत नाही. बिघडलाय का? – न्यू जर्सी

नाही, त्याचं काम उलटं आहे. अमेरिकेसाठी बनलेल्या त्या गाड्यांत व्हॉल्व्हला चावी बंद केल्यावर करंट मिळतो आणि अर्थ मिळतो ऑइल प्रेशरच्या स्विचमधून. व्हॉल्व्ह इंजिनची ओढ फ्लोट चेंबरपर्यंत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीपर्यंत) नेतो, पेट्रोल वर चढत नाही, इंजिन थांबतं. तेलाचा दाब उतरला की स्विच सुटतो आणि व्हॉल्व्हही सुटतो. त्याला कॉइलवरून करंट देऊ नका. चालत्या इंजिनचं पेट्रोल तुटेल.

एलपीजी किट बसवताना पेट्रोलच्या नळीवर एक सोलेनॉइड लावला होता. तो म्हणजे हाच का? – सांगली

नाही. तो पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये असतो आणि गॅसवर असताना पेट्रोलची नळीच बंद करतो. गाडी पेट्रोलवर अजिबात चालत नसेल तर तो तपासा. फक्त आयडलला बंद पडत असेल तर कार्बोरेटरवरचा.