कंत्राटी कामगारांनी कायम होण्याची केस टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: चाकणला सुटे भाग बनवणारा कारखाना, चार ठेकेदार मिळून १८० कंत्राटी कामगार, त्यातले काही सहा-सहा वर्षं त्याच मशीनवर. ठेकेदार बदलतो, माणसं तीच राहतात. लाल बावट्याच्या युनियनकडे जायचं का, थेट कायम करण्याची केस टाकायची का, आणि नवे लेबर कोड (जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे) आल्यावर हातात काही उरलंय का?

आधी केसचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. महाराष्ट्रात कामगाराला पहिलं आठवतं ते १९७१ च्या एमआरटीयू अँड पीयूएलपी कायद्याचं, म्हणजे युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध या कायद्याचं नाव. त्याच्या चौथ्या अनुसूचीतला सहावा मुद्दा वाचला की वाटतं, हा आपल्यासाठीच लिहिलाय. कायमपणाचे लाभ द्यावे लागू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तक्रार नव्वद दिवसांत करायची असल्यामुळे घाईघाईत टाकलीही जाते. कंपनी उत्तरात एकच वाक्य लिहिते, ‘हे आमचे कामगार नाहीत’, आणि तक्रार तिथेच अडकते. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन निकालांत आणि पुन्हा २००३ मध्ये इंडियन स्मेल्टिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर या कायद्याखालच्या तक्रारीत ते ठरवता येणार नाही. आधी औद्योगिक विवाद उभा करून नातं सिद्ध करून या. तेवढ्यात वर्षं निघून जातात आणि पुढे उभी राहिलेली पोरं एकेक करून गळतात.

२००१ मध्येच सेलच्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) खटल्यात घटनापीठाने आणखी एक दार बंद केलं. ठेका पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. ठेका निव्वळ कागदोपत्री आहे, प्रत्यक्षात मालक कंपनीच आहे, हे पुराव्याने दाखवलं तरच तो कंपनीचा. म्हणजे तुमची सगळी लढाई पुराव्याची आहे आणि तो गेटवर युनियनचा बोर्ड लागण्याआधी जमवायचा असतो. बोर्ड लागला की गेटवरचं रजिस्टर दिसेनासं होतं.

कोर्ट काय बघतं? नेमणूक कोणी केली, पगार कोण देतं, काढू कोण शकतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, नोकरीत सलगता आहे का, आणि कामावर ताबा-देखरेख कोणाची. पगार ठेकेदाराच्या खात्यातून येतो म्हणून खचू नका, तो सहापैकी एक मुद्दा आहे. खरा जोर ताबा आणि सलगतेवर द्या. कंपनीच्या सुपरवायझरने लावलेलं शिफ्टचं वेळापत्रक, त्याने मंजूर केलेली रजा, कंपनीच्या लेटरहेडवरचा मेमो, सेफ्टी ट्रेनिंगच्या हजेरीवरची सही, मशीनच्या लॉगशीटवरचं तुमचं नाव, जुने गेटपास: हे सगळं उपयोगी. गेटपास नूतनीकरणाला परत घेतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा. व्हॉट्सॲपवरचे आदेश पुरावा म्हणून चालतात, पण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका.

सलगतेसाठी पीएफचं पासबुक सर्वांत भरवशाचं. एकाच यूएएनखाली (पीएफचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) तीन ठेकेदारांचे मेंबर आयडी लागोपाठ दिसले की ‘ठेकेदार बदलला, माणूस तोच’ हे आपोआप सिद्ध होतं. ठेकेदाराने दर वेळी नवा यूएएन काढला असेल, तर त्या लबाडीची आत्ताच ईपीएफओकडे (पीएफ कार्यालयाकडे) तक्रार करून सगळे क्रमांक जोडून घ्या. ज्या महिन्याचा पीएफ त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरलेला नसेल, त्याची लेखी तक्रार करा. ठेकेदाराने बुडवला तरी भरणा करायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, आणि ही तक्रार कंपनीला कागदावर ओढून आणते.

ठेकेदार बदलताना ‘फुल अँड फायनल’च्या गठ्ठ्यात एक कागद असतो: मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. सहा वर्षांची सलगता त्या एका सहीने तुटते. पैसे घ्या, पण राजीनाम्यावर सही करू नका. फारच अडवलं तर ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढा.

आता कोड. चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. डाव्या संघटनांचा विरोध कशाला आहे, हे घोषणेपेक्षा आकड्यांत नीट कळतं. कामगारकपातीसाठी आणि कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगार असले की लागायची, आता ३०० असले की. स्टँडिंग ऑर्डर (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली) हीसुद्धा ३०० ला. ठेकेदाराचं लायसन्स पूर्वी मूळ केंद्रीय कायद्यात २० ला होतं, आता ५० ला. मग एकाच शेडमध्ये चार ठेकेदार का असतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. ४५-४५ च्या तुकड्या केल्या की कुठल्याच ठेकेदाराला लायसन्स नको. मात्र कंपनीत सगळे मिळून ५० किंवा त्याहून जास्त असतील तर कंपनीवर कोडमधलं कंत्राटी कामगारांचं प्रकरण लागू होतंच, हे ठेकेदारांच्या माणसांना बहुधा माहीत नसतं. १८० मोजा आणि तसंच लिहा.

मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, असं नवा सुरक्षा व आरोग्य कोड म्हणतो. वाचून आनंद होतो, पण पुढचे अपवाद वाचा: ते काम त्या आस्थापनेत सर्रास ठेकेदाराकडूनच होत असेल, किंवा कामाचा बोजा अचानक वाढला असेल, तर चालतं. शिवाय ज्याला ठेकेदाराने नियमित नेमलंय, ज्याला वेळोवेळी पगारवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळते, तो व्याख्येतूनच ‘कंत्राटी कामगार’ राहत नाही. म्हणून सध्या ठेकेदार अचानक चकचकीत नेमणूकपत्रं वाटू लागले, तर त्यातली ‘वार्षिक वेतनवाढ’ ही ओळ कशासाठी आली आहे ते ओळखा.

एक बाब मात्र कामगाराच्या बाजूची आहे, आणि आपल्याच लोकांकडून ती दुर्लक्षित होते. पूर्वी समेट (कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढची तडजोड) फसला की विवाद कोर्टात पाठवायचा का, हे सरकार ठरवायचं आणि फाइल महिनोन्महिने पडून राहायची. आता समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत तुम्ही थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकता. एमआरटीयू हा राज्याचा कायदा आहे, औद्योगिक संबंध कोडने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत तो नाही. पण तुमच्या मूळ मागणीचा रस्ता न्यायाधिकरणाचाच.

म्हणून क्रम असा ठेवा. कागद जमल्यावर युनियन. स्वतंत्र नोंदणीला १० टक्के किंवा १०० कामगार, यातला कमी आकडा लागतो आणि सातपेक्षा कमी चालत नाहीत. बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल ते. नावात कंपनीचं नाव घालायचा मोह टाळा. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी सीटूच्या (डाव्यांची कामगार संघटना) झेंड्याखाली युनियन काढली तेव्हा कंपनीने नावावरच हरकत घेतली. २०२४ मध्ये ३७ दिवस संप झाला, आणि नोंदणी मिळाली जानेवारी २०२५ मध्ये. १८० जणांनी आधीच नोंदणीकृत असलेल्या जनरल युनियनमध्ये (अनेक कारखान्यांतल्या कामगारांची एक युनियन) शिरणं जास्त सोपं, आणि चारही ठेकेदारांची माणसं एकाच यादीत येतात.

मग मागणीपत्र, कंपनी आणि ठेकेदार दोघांच्या नावे, पोच घेऊन. त्यात ‘ठेका बनावट असून आम्ही मुख्य मालकाचे कामगार आहोत’ ही मागणी पहिली. प्रकरण समेटात गेलं की वादात असलेल्या सेवाशर्ती बदलायला आणि त्याच कारणावरून माणूस काढायला बंधन येतं. ठेकेदाराची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे, नंतर नाही.

संप शेवटी, आणि तो पूर्वीसारखा नाही. आता कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांची नोटीस लागते. नोटीस दिली की अधिकारी बैठक लावतो, आणि समेट चालू असताना व पुढचे सात दिवस संप बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरतात. बेकायदा संपात कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभर कैद किंवा दोन्ही, चिथावणी देणाऱ्याला १०,००० ते ५०,००० पर्यंत दंड किंवा तेवढीच कैद किंवा दोन्ही. काळी फीत, गेट सभा, कँटीनवर बहिष्कार यांना ही कलमं लागत नाहीत. ते वापरा.

कायम कामगारांच्या युनियनकडे मात्र जायलाच हवं, राग बाजूला ठेवून. वाटाघाटीची एकमेव युनियन व्हायला ५१ टक्के लागतात ते कंपनीच्या मस्टरवरचे (हजेरीपटावरचे), आणि तुम्ही त्या मस्टरवर नाही. त्यांच्या पुढच्या करारात कंत्राटींसाठी एक कलम आलं नाही, तर लाइन त्यांच्या ओव्हरटाइमवर चालत राहील आणि तुमचा बहिष्कार कोणाला जाणवणार नाही. कायम कामगारांची संख्या दर निवृत्तीगणिक घटते आहे, हे त्यांना आकड्यांत दाखवा. सहानुभूती मागण्यापेक्षा ते पटतं.

यादीबद्दल एक. मुंबई महापालिकेच्या कचरा कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत न्यायाधिकरणातूनच लढून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात २,७०० जणांच्या कायमपणाचा निकाल मिळवला. त्यानंतरही अनेकांचं काम नावातल्या स्पेलिंगच्या फरकावर अडलं. तुमच्या सभासद यादीतलं नाव, आधार, यूएएन आणि बँक खातं यांतलं एकेक अक्षर आत्ता जुळवून घ्या. वडिलांच्या नावासकट.