इनुइट गावांत ट्रेनिंगवर एवढा पैसा जातो तरी खाणीत बाहेरचीच माणसं का घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कॅनडाच्या नुनावुतमधल्या एका खाणीत तुम्हाला मेंटेनन्सची नोकरी मिळतेय, पण तिथले एस्किमो लोक बेकार आहेत आणि सरकार त्यांच्या ट्रेनिंगवर करोडो डॉलर घालवतं असं तुम्ही वाचलंय, मग तुमच्यासारख्यांना का बोलावतात, त्यांना काम करायचंच नसतं का.

आधी एक, तिथे जाऊन एस्किमो म्हणू नका, लोकांना आवडत नाही. इनुइट म्हणायचं, एक माणूस असेल तर इनुक.

मी मूळचा चंद्रपूरचा, आता बरीच वर्षं ओटावात आहे, काम हीटिंगचं, म्हणजे बॉयलर, ऑइल बर्नर वगैरे. कंत्राटावर तीन हिवाळे नुनावुतमध्ये काढले आणि त्यातला काही वेळ तिथल्या पोरांना शिकवण्यात गेला, म्हणून लिहितोय. खाण आली की गावाचं काय होतं ते आम्ही चंद्रपूरवाल्यांनी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे "लोकल लोक आळशी असतात" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं जरा फिरतं, आधीच सांगून ठेवतो.

"काम करायचं नसतं का" याचं उत्तर रँकिन इनलेट या गावातच आहे. १९५७ मध्ये तिथे निकेलची खाण चालू झाली. गाव असं नव्हतंच, खाणीमुळेच झालं. कामाला आले ते इनुइट, ज्यांची आदली पिढी आणि ते स्वतःसुद्धा कॅरिबू (तिकडचं रानटी रेनडिअर) आणि सीलच्या शिकारीवर जगत होते. कोणी आयटीआय केलेलं नाही, इंग्रजी बहुतेकांना येत नाही, आणि ही माणसं जमिनीखाली उतरून ड्रिल चालवायला लागली, मशिनं सांभाळायला लागली. शिकले कसे तर शेजारच्याचं बघून. दक्षिणेतून, म्हणजे बाकीच्या कॅनडातून, आलेल्या कामगारांपेक्षा पगार कमी, तरी केलं. आणि १९६२ मध्ये खाण बंद. पाच वर्षांत खेळ खल्लास. तोपर्यंत गावात पाचेकशे इनुइट झाले होते आणि कमावती माणसं बहुतेक सगळी खाणीचीच, आता त्यांनी करायचं काय? काही कुटुंबं दूरच्या दुसऱ्या खाणगावांकडे गेली, काही परत शिकारीकडे वळली, आणि १९६३ मध्ये सरकारने तिथे मातीच्या कलावस्तू बनवायचा प्रकल्प काढून बघितला. म्हणजे माणसं तयार झाली पण काम गेलं. म्हाताऱ्या लोकांच्या घरी चहाला बसलं की ही गोष्ट अजून निघते, आणि मग नातवाला "खाणीत जा" सांगताना ते जरा थांबून का बोलतात ते कळतं.

दुसरं उदाहरण नानिसिविक, पार उत्तरेला, आर्क्टिक बे गावाजवळ. जस्त आणि शिशाची खाण, १९७६ ते २००२. सरकारशी करार करताना कबूल केलं होतं की ६० टक्के कामगार इनुइट असतील. पंचवीस-सव्वीस वर्षांत तो आकडा कधीच गाठला नाही. आकडा न गाठल्याबद्दल कोणाला काही झालं का? नाही. बंद झाल्यावर तिथली घरं, इमारती वापरता येतील अशी आर्क्टिक बेच्या लोकांची आशा होती, तेही झालं नाही, पाडून टाकलं सगळं.

आता तुम्ही ज्या पैशाबद्दल वाचलंय त्याकडे येतो. १९९३ मध्ये इनुइट आणि कॅनडा सरकारचा मोठा करार झाला, त्यातून १ एप्रिल १९९९ ला नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. महाराष्ट्राच्या साधारण सहापट जमीन आणि २०२१ च्या जनगणनेत ३७ हजाराच्या आत माणसं, त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास इनुइट. करारातलं २३ वं कलम म्हणतं की सरकारी नोकऱ्यांत इनुइट लोकांचं प्रमाण लोकसंख्येइतकं झालं पाहिजे, आणि २६ वं म्हणतं की मोठा प्रकल्प आणायचा तर कंपनीने आधी इनुइट संस्थेशी करार करायचा, ज्यात नोकऱ्या, ट्रेनिंग, लोकल कंत्राटं सगळं लिहिलेलं असतं. कागदावर एकदम मस्त. २००६ मध्ये बर्जर नावाच्या माजी न्यायाधीशांनी अहवाल दिला की सरकारी नोकऱ्यांत इनुइट ४५ टक्केच आहेत, तेही बरेचसे खालच्या पदांवर, आणि चारपैकी तीन मुलं हायस्कूल पूर्ण करत नाहीत, कारण सुरुवातीची काही वर्षं इनुक्तितुतमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, शिकवायचं आणि मग एकदम इंग्रजी, त्यामुळे पोरगं धड ना इकडचं ना तिकडचं. त्याच वर्षी इनुइट संस्थेने केंद्र सरकारवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला की तुम्ही करार पाळत नाही. २०१५ मध्ये २५ कोटी ५५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातले साडेसतरा कोटी ट्रेनिंगसाठी ठेवले. म्हणजे हे सरकारने दयेपोटी दिलेलं नाही, कोर्टात जाऊन मिळवलेलं आहे, हे "करोडो घालवतात" म्हणताना लक्षात ठेवा.

तरी बाहेरचीच माणसं का, तर माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. ट्रेडचं सर्टिफिकेट मिळवायला प्रवेश परीक्षा, ती इंग्रजीतून, त्यात हायस्कूलचं गणित. ती पास झालात तर सर्टिफाइड माणसाच्या हाताखाली ठराविक तास भरायचे. आता नुनावुतमध्ये २५ गावं, एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, सगळं विमानाने, आणि लहान गावात सर्टिफाइड इलेक्ट्रिशियन एखादा असतो किंवा नसतोच, मग तास भरायचे कोणाच्या हाताखाली? वर्गातला भाग करायला रँकिन इनलेटच्या ट्रेड सेंटरला जायचं, ते २०१० मध्ये झालं, त्याच्या आधी तर दक्षिणेतच जावं लागायचं आणि काही ट्रेडसाठी अजूनही अल्बर्टाला जावं लागतं. तेवढे आठवडे घर कोण बघणार? आमच्या बॅचमधल्या एका मुलीने कोर्स सोडला, सगळ्यात हुशार होती, का तर पाळणाघरात जागा मिळाली नाही आणि आजी आजारी पडली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे नुसतं "सोडून गेली" एवढंच लिहिलं गेलं.

घराचा प्रश्न तर विचारूच नका. एका घरात दहा-दहा माणसं, कोणी हॉलमध्ये पाळीपाळीने झोपतंय. सार्वजनिक घरांचं भाडं उत्पन्नावर ठरतं, त्यामुळे घर ज्याच्या नावावर त्याला खाणीत नोकरी लागली की भाडं वाढतं, मग आई म्हणते राहू दे बाबा. आणि दक्षिणेतून आलेल्या सरकारी माणसाला नोकरीबरोबर स्टाफचं घर मिळतं. मलाही मिळालं होतं, दोन खोल्यांत मी एकटा. लाज वाटली म्हणणार नाही, पण खिडकीतून शेजारचं घर दिसायचं.

खाणीचं काम दोन आठवडे कॅम्पात, दोन आठवडे घरी. ऐकायला बरं वाटतं. पण नेमका नारव्हेलचा (लांब सुळ्याचा देवमासा) किंवा कॅरिबूचा सीझन आला की घरात मांस आणणारा माणूसच कॅम्पात, आणि तिथल्या दुकानात भाज्या-मांसाचे भाव बघितलेत तर शिकार हा छंद नाही, घरखर्च आहे हे दोन मिनिटांत कळतं.

शिकवण्याबद्दल एक माझीच फजिती सांगतो. पहिल्या आठवड्यात मी बर्नर उघडून समजावत होतो आणि दर पाच मिनिटांनी विचारत होतो, समजलं का? सगळे गप्प. मला वाटलं झालं, डोक्यावरून गेलं. परत पहिल्यापासून सांगितलं. परत गप्प. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एका इनुक मॅडमनी हसत सांगितलं की अहो ते भुवया वर करतायत, त्याचा अर्थ हो, आणि नाक आक्रसलं की नाही. म्हणजे पोरं तीन दिवस मला हो हो म्हणत होती आणि मी तेच तेच शिकवत होतो! त्यानंतर मी बडबड कमी केली, एकदा करून दाखवायचो आणि बाजूला व्हायचो. बघून, हाताने करत करत शिकायचं याला त्यांच्याकडे पिलिम्मक्सार्निक असा शब्दच आहे. लेखी परीक्षेत ४० टक्के मिळवणारा पोरगा समुद्रावरच्या बर्फात उणे तीसमध्ये स्किडूचं (बर्फावरची स्कूटर) इंजिन खोलून परत चालू करून घरी येतो, कारण नाही केलं तर मरेल. आम्ही त्याला अनस्किल्ड म्हणतो.

जिथे चाललंय तिथे काय वेगळं आहे तेही बघा. नुनावुतमधल्याच किनगाइट गावातल्या कलाकारांची को-ऑपरेटिव्ह १९५९ पासून आहे. जेम्स ह्यूस्टन नावाचा माणूस जपानला जाऊन ठसा कोरून चित्र छापायचं तंत्र शिकून आला, पण दगड कोरणारे हात तिथलेच होते, त्यामुळे शिकायला वेळ लागला नाही. तिथल्या केनोजुआक अशेवाक यांच्या घुबडाचं चित्र १९७० मध्ये कॅनडाच्या पोस्टाच्या तिकिटावर आलं. आपल्या साखर कारखान्यांसारखं, सभासदच मालक (आपल्याकडचं राजकारण वजा करून). क्युबेकच्या उत्तरेला नुनाविकमध्ये १९७५ च्या करारातून आलेल्या पैशावर इनुइटांनी स्वतःची विमान कंपनी काढली, एअर इनुइट, १९७८ पासून चालू आहे, आणि ते स्वतःचे पायलट तयार करतात. २००१ ते २००५ मध्ये नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतमध्येच कायद्याची डिग्री शिकवली, व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक विमानाने तिकडे जायचे, ११ जण पास झाले. विद्यार्थ्यांना साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर हलवण्यापेक्षा मास्तर हलवले, एवढीच तर आयडिया. दहा-बारा वर्षांनी तसाच वर्ग परत भरवला, या वेळी सस्कॅचवान युनिव्हर्सिटीबरोबर. मधली वर्षं तशीच गेली.

आजच्या खाणींत, मेलियाडीन म्हणा किंवा मेरी रिव्हर म्हणा, परिस्थिती नानिसिविकपेक्षा बरी आहे, करारांना थोडे दात आहेत आणि डंपर चालवणाऱ्या इनुइट बायका मी स्वतः पाहिल्यात. पण सुपरवायझर, मिलराइट (मोठी मशिनं बसवणारा, दुरुस्त करणारा), इंजिनिअर या जागा अजून बाहेरूनच भरतात, तुम्हाला बोलावतायत ते त्यासाठीच. मेलियाडीनची गंमत म्हणजे ती २०१९ मध्ये त्याच रँकिन इनलेटच्या बाहेर पंचवीसेक किलोमीटरवर चालू झाली, म्हणजे ज्यांचे आजोबा १९६२ ला बेकार झाले त्यांचीच नातवंडं तिथे कामाला जातात.

नोकरी घ्यायची की नाही तुमचं तुम्ही ठरवा, मी पण घेतलीच होती. पण इंटरव्ह्यूत शेवटी ते विचारतात ना, तुमचे काही प्रश्न आहेत का, तेव्हा विचारा की माझ्या हाताखाली शिकायला कोणी इनुक आहे का, त्याचं नाव काय, आणि त्याचे तास कोण मोजतं. उत्तर नावासकट आलं तर जा. "आमची पॉलिसी आहे" असं आलं तर मग पगार नीट वाटाघाटी करून घ्या, कारण बाकी तिकडे तुम्ही दुसरं काही करायला जात नाही आहात.